सोव्हिएत गणकयंत्रे : स्वतंत्र मार्ग आणि अनुकरण

महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या कीव्ह शहराजवळ, फेओफानिया येथील एका जुन्या मठाच्या इमारतीत, सेर्गेई लेबेदेव यांनी ‘मेस्म’ हे गणकयंत्र उभारले. त्यात सुमारे ६,००० निर्वात नलिका होत्या. नोव्हेंबर १९५० मध्ये त्याची पहिली चाचणी झाली आणि १९५१ अखेर ते नियमितपणे काम करू लागले.

पुढे मॉस्को येथे लेबेदेव यांनी सिद्ध केलेले ‘बेस्म-६’ (१९६७) सेकंदाला सुमारे दहा लाख क्रिया करीत असे. परंतु देशातील निरनिराळी यंत्रे परस्परांशी जुळत नसत. एकासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालत नसे. म्हणून १९६९ मध्ये समाजवादी देशांनी अमेरिकेतील आयबीएम-३६० शी सुसंगत अशी सामाईक मालिका बनविण्याचे ठरविले. तयार आज्ञावली आयत्या मिळतील, हा त्यामागील हिशेब होता. लेबेदेव यांचा मात्र त्यास विरोध होता.

१९७२ च्या सुमारास या मालिकेची यंत्रे तयार होऊ लागली. तत्पूर्वीच, १९७० मध्ये, आयबीएमने आपली ३७० मालिका पुढे आणली होती. एकरूपता साधली, पण जे आधी दुसऱ्याने घडविले त्याचेच अनुकरण करावयाचे असल्याने मागे राहणे अटळ झाले.