चटईचा ठसा
(द्वितीय वर्ष, कला)

चटईचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर आपण म्हणू, बसायला आणि निजायला. तिचा तिसरा उपयोग मला इतिहासाच्या तासाला कळला. काश्मीरमधील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन वस्तीत हाताने घडविलेली राखाडी भांडी सापडली आहेत. त्यांपैकी कित्येकांच्या बुडावर चटईची वीण उमटलेली आहे. ओले भांडे चटईवर ठेवून घडविले, म्हणून तो ठसा उमटला. चटई केव्हाच कुजून गेली. तिची वीण मात्र भाजलेल्या मातीने हजारो वर्षे जपली.

जपानमध्ये तर एका संपूर्ण प्राचीन संस्कृतीला 'जोमोन' हे नाव तिच्या भांड्यांवरील दोरीच्या ठशांवरून मिळाले. आपल्या नाशकात गोदाकाठच्या मातीच्या गढीवर डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. त्याच वेळी संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथेही खोदकाम झाले. जोर्वे पद्धतीची प्रसिद्ध भांडी चाकावरची, लाल आणि काळ्या रेषांनी रंगविलेली आहेत. परंतु त्याच संस्कृतीच्या इनामगावात हाताने घडविलेली जाडीभरडी भांडीही होती व त्यांवर बोटांच्या ठशांची नक्षी असे. म्हणजे ओल्या मातीवर काही दाबून पाहण्याचा मोह आपल्याकडेही जुनाच आहे.

हा मोह मलाही आवरला नाही. आम्ही इंदिरानगरात दोन खोल्यांत राहतो. आमचे आजोबा गावी कुंभारकाम करीत. अण्णा ते सोडून अंबडच्या कारखान्यात लागले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. जुन्या नाशकातील एका कुंभारकाकांकडून मी मळलेली माती घरी आणली, तेव्हा अण्णा एवढेच म्हणाले, "चिखल कालवायलाच कॉलेजात घातलं का तुला?" मी उत्तर दिले नाही. खरे तर माझ्यापाशी उत्तर नव्हतेच.

आता कृती सांगते. माती पोळीच्या कणकेहून थोडी घट्ट असावी. तीत राख किंवा लीद मिसळलेली असली तर ती वाळताना कमी तडकते. ओलसर फडके पसरून त्यावर मातीचा गोळा ठेवावा. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणे फिरवावे, म्हणजे पोळी सगळीकडे सारखी, अर्ध्या बोटाएवढ्या जाडीची होते. तीवर चटई अंथरून लाटणे एकदाच, दाबून फिरवावे. दुसऱ्यांदा फिरविले की चटई सरकते आणि ठसा दुहेरी उमटतो. मग एका कोपऱ्याला धरून चटई अलगद सोलून काढावी.

प्रत्येक वस्तूची वीण निराळी. शिंदीच्या पानांच्या चटईने तिरपे पट्टे उमटतात, गोणपाटाने बारीक चौकटी. काथ्याच्या पायपुसण्याने खडबडीत ठिपके येतात; त्याचे तंतू मातीत अडकले तरी भट्टीत जळून जातात व केसाएवढ्या रेघा मागे राहतात. प्लॅस्टिकची चटई पाणी शोषत नाही, म्हणून तिला माती चिकटते.

माझा पहिला प्रयत्न फसला. आजीची शिंदीची चटई घेतली होती. आजी गेल्यावर ती कपाटामागे उभी असे. तिच्या कडा उसवल्या होत्या. माती ओली होती. चटई उचलताना दोन पाने तुटून मातीतच राहिली. मला रडू आले. दारात उभे असलेले अण्णा आत आले, वाकून त्यांनी मातीवर अंगठा टेकविला आणि म्हणाले, "ओली आहे. अंगठ्याला लागायची थांबली की चटई ठेव. आणि आधी राख भुरभुर." मग हात धुवायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तसेच केले. पातेले पालथे घालून त्यावर ओला कागद लावला व ठसा वर ठेवून मातीची पोळी त्यावर बसविली. माती वाळताना आकसते, भांडे आकसत नाही; म्हणून आकार धरताच ती काढून घ्यावी, नाहीतर भेग पडते. मग आठवडाभर सावलीत वाळवून कुंभारकाकांच्या भट्टीत भाजून घेतली. कच्चे भांडे पाण्यात टाकले तर पुन्हा माती होते. साधारण ६०० अंशांच्या पुढे मात्र मातीच्या घडणीतले पाणीही निघून जाते आणि मग ती कधीच विरघळत नाही.

आजीची चटई आता फार दिवस टिकणार नाही. पण तिची वीण, उसवलेल्या कडेसकट, एका परडीएवढ्या भांड्यावर उमटली आहे. अण्णा त्यात घराच्या किल्ल्या ठेवतात. त्याविषयी ते काही बोलत नाहीत. परवा मात्र गावाहून आलेल्या काकांना त्यांनी ते उचलून दाखविले आणि म्हणाले, "पोरीने घडवलंय. माती बरी भाजली आहे."

वाचकहो, घरातील जुनी चटई टाकून देण्यापूर्वी तिचा एक ठसा जरूर घेऊन पाहा.