ताटातली आठवण : आयरिश घरांतले सणाचे जेवण



१७ मार्च हा संत पॅट्रिक यांचा सण. आयर्लंडमध्ये त्या दिवशी मिस्साला जाणे हे रविवारइतकेच कर्तव्य मानले जाते. जगभर विखुरलेले आयरिश लोकही तो साजरा करतात. न्यूयॉर्क शहरात या सणाची मिरवणूक १७६२ पासून निघते. टीव्हीवर आपल्याला हिरवे कपडे, बँड आणि झेंडे दिसतात. पण मिरवणूक संपते, पाहुणे पांगतात आणि आयरिश कुटुंब घरी येऊन जेवायला बसते. त्या टेबलावर काय असते? तेच का असते? आज आपण हा अभ्यास करू. एखाद्या समाजाचा वारसा काय आहे, हे त्याच्या मिरवणुकीपेक्षा त्याच्या स्वयंपाकघरात अधिक कळते.

उपाशी संत

संत पॅट्रिक जन्माने आयरिश नव्हते. पाचव्या शतकात रोमन ब्रिटनमध्ये वाढलेला हा मुलगा सुमारे सोळा वर्षांचा असताना चाच्यांनी पळवला आणि आयर्लंडमध्ये गुलाम म्हणून विकला. सहा वर्षे त्याने गुरे राखली. पुढे तो निसटला आणि एका जहाजातून परतला. त्या प्रवासाची हकिगत संत पॅट्रिक यांनी आपल्या 'कन्फेसिओ' या आत्मनिवेदनात स्वतः लिहून ठेवली आहे. जहाजातून उतरल्यावर ती मंडळी अठ्ठावीस दिवस ओसाड प्रदेशात चालत होती. अन्न संपले. जहाजाच्या कप्तानाने या तरुण ख्रिस्ती माणसाला विचारले, तुझा देव एवढा समर्थ आहे, तर आमच्यासाठी प्रार्थना का करत नाहीस? त्यांनी प्रार्थना केली आणि वाटेत डुकरांचा कळप दिसला. सगळे पोटभर जेवले. नंतर रानातला मध सापडला. तो नैवेद्याचा आहे असे सोबत्यांपैकी एकाने सांगताच पॅट्रिक यांनी मात्र त्याला तोंड लावले नाही.

ज्या संताच्या नावाने आज मेजवान्या होतात, तो स्वतः परदेशी, गुलाम आणि उपाशी होता. शिवाय समोर अन्न असताना कशाला 'नाही' म्हणायचे, हेही त्याला ठाऊक होते. आयरिश जेवणाचा पुढचा सगळा इतिहास या दोन गोष्टींभोवती फिरतो : भूक आणि उपवास.

उपवासातून जन्मलेले पदार्थ

आयरिश सणांचे अनेक पदार्थ ख्रिस्तसभेच्या जुन्या उपवासाच्या नियमांतून आले आहेत. ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ घ्या. हल्ली भुताखेतांच्या मुखवट्यांमुळे तिचा मूळ अर्थ झाकला गेला आहे. तो सकल संतांच्या सणाचा आदला दिवस, आणि त्या दिवशी मांस वर्ज्य असे. म्हणून आयरिश गृहिणी 'कोलकॅनन' करीत. उकडून कुस्करलेला बटाटा, त्यात केलची किंवा कोबीची शिजवलेली पाने, पातीचा कांदा आणि गरम दूध. वाढताना मध्यभागी खळगा करून त्यात लोण्याचा गोळा ठेवायचा. तो वितळला की प्रत्येक घास त्यात बुडवून खायचा. त्याच रात्री 'बार्मब्रॅक' ही मनुका घातलेली गोड पावाची वडी कापली जाई. तिच्या पोटात अंगठी लपवलेली असे. ती ज्याच्या वाट्याला येईल त्याचे वर्षभरात लग्न होणार, असा विनोद चाले. अनेक घरांत त्या रात्री मृत नातलगांची आठवण म्हणूनही थोडे अन्न बाजूला ठेवत.

प्रायश्चित्तकाळाचे नियम तर फारच कडक होते. चाळीस दिवस मांस नाहीच, पण जुन्या काळी अंडी, दूध आणि लोणीही नाही. म्हणून राखेच्या बुधवारच्या आदल्या मंगळवारी घरातली अंडी, दूध आणि लोणी संपवण्यासाठी पॅनकेक होत. पुढे दिवसामागून दिवस हेरिंग मासा खाऊन लोक कंटाळत. काही गावांत पवित्र शनिवारी खाटीक मंडळी एक हेरिंग काठीला बांधून रस्त्याने झोडपत नेत आणि त्याला निरोप देत! या गमतीमागे खरा आनंद होता. ज्याने चाळीस दिवस वाट पाहिली, त्यालाच पुनरुत्थानाच्या सकाळच्या अंड्याची चव कळते.

नाताळच्या आदल्या रात्रीही मांस नसे. खारवलेला सुका मासा, पांढरा सॉस आणि बटाटे एवढेच जेवण. जेवण झाल्यावर काही घरांत टेबल पुन्हा मांडत. त्यावर पाव आणि दुधाचा तांब्या ठेवत आणि दाराला कडी लावत नसत. खिडकीत मेणबत्ती तेवत असे. बेथलेहेमात ज्यांना जागा मिळाली नाही, त्या मरिया आणि योसेफाला या घरात जागा आहे, हा त्याचा अर्थ. खिडकीतल्या मेणबत्तीची प्रथा आजही अनेक आयरिश घरांत आहे. पुढे ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, 'स्त्रियांचा नाताळ' असतो. सणाचे दिवस राबलेल्या आया-बहिणी त्या दिवशी एकत्र बसून चहा-केक घेतात आणि घरकाम पुरुषांनी करायचे असते. ही प्रथा आपल्या घरांतील पुरुष मंडळींनी जरा लक्षपूर्वक वाचावी.

बटाटा आणि महादुष्काळ

आता या इतिहासातील सर्वांत दुःखाचे पान. १८४० च्या दशकात आयर्लंडमधील लाखो गरीब जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत होते. जमिनी जमीनदारांच्या होत्या. धान्य, लोणी आणि जनावरे यांतून खंड भरायचा. कुटुंबाच्या वाट्याला उरलेल्या लहानशा तुकड्यात पोट भरेल एवढे पीक फक्त बटाटाच देई. कष्टकरी माणूस दिवसाला पाच किलोच्या आसपास बटाटे, सोबत ताक, असे जेवत असे. १८४५ मध्ये एका रोगाने उभे पीक शेतातच कुजले. पुढची वर्षेही तशीच गेली. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली. आणखी सुमारे दहा लाख जहाजांत बसून देश सोडून गेली. त्या काळातही धान्य आणि जनावरे भरून जहाजे आयर्लंडबाहेर जात होती. १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली. त्या बेटाची लोकसंख्या आजही १८४१ इतकी झालेली नाही.

म्हणून आयरिश माणसाच्या ताटातला बटाटा ही नुसती भाजी नाही. कुस्करलेल्या बटाट्याची थाळी लोण्यासह समोर येते, तेव्हा ती जगलेल्यांची थाळी असते.

ताट बदलले, वारसा उरला का?

देश सोडून गेलेल्यांनी नव्या देशात काय खाल्ले? इथे एक मजेदार गोष्ट आढळते. अमेरिकेत संत पॅट्रिकच्या दिवशी 'कॉर्न्ड बीफ आणि कोबी' हाच आयरिश पदार्थ समजला जातो. यातल्या 'कॉर्न'चा मक्याशी संबंध नाही. मांस खारवण्यासाठी वापरलेल्या जाड मिठाच्या खड्यांना तो शब्द लावला जाई. पण आयर्लंडमधील जुना घरगुती पदार्थ आहे खारवलेले डुकराचे मांस, म्हणजे बेकन, आणि कोबी. कॉर्क बंदरातून शेकडो वर्षे खारवलेले गोमांस जगभर जात होते, पण ते पिकवणाऱ्या गरिबाला परवडत नव्हते. अमेरिकेत गेल्यावर उलटे झाले. तिथे जनावराच्या छातीचे खारवलेले मांस स्वस्त होते. न्यूयॉर्कमध्ये बऱ्याचदा ते ज्यू शेजाऱ्यांच्या दुकानांतून येई. आयरिश आईने ते घेतले, कोबीबरोबर एकाच भांड्यात उकडले आणि सणाचे जेवण झाले.

मग हा पदार्थ खरा आयरिश की खोटा? तत्त्वज्ञानात एक जुना भेद आहे. अॅरिस्टॉटलने तो मांडला आणि संत थॉमस अक्वायनस यांनी तो स्वीकारला. प्रत्येक वस्तूत एक द्रव्य असते आणि एक आकार असतो. एकाच खाणीतल्या दगडाची पायरी होते आणि पुतळाही होतो. दगड हे द्रव्य, तर त्या वस्तूला 'ती' वस्तू बनवतो तो आकार. उपमा म्हणून हा भेद इथे लावून पाहा. बेकन, बीफ, बटाटा, कोबी हे वारशाचे द्रव्य. कुटुंबाने एकत्र बसणे, पूर्वजांची आठवण काढणे, देवाचे आभार मानणे आणि असेल ते वाटून खाणे हा त्याचा आकार. स्थलांतर केलेल्या आईच्या हातातले द्रव्य बदलले, पण आकार तिने जपला. म्हणून तिचे जेवण खरे.

याच्या उलटही घडू शकते. द्रव्य तेच राहते आणि आकार निघून जातो. हिरवा रंग घातलेली बिअर, हिरव्या टोप्या, दिवसभर गोंगाट. सगळे काही 'आयरिश', पण आठवण कुणाचीच नाही. तेव्हा सण राहत नाही, फक्त बाजार राहतो.

हा सण प्रायश्चित्तकाळात येतो, हीदेखील एक परीक्षाच. २०१७ आणि २०२३ मध्ये १७ मार्चला शुक्रवार होता. अमेरिकेतील अनेक बिशपांनी त्या दिवशी मांस खाण्याची मुभा दिली, आणि काहींनी त्याऐवजी दुसरा त्याग किंवा सत्कृत्य करण्यास सांगितले. २००८ मध्ये तर १७ मार्च पवित्र आठवड्यातल्या सोमवारी आला. तेव्हा आयर्लंडच्या ख्रिस्तसभेने संतांचा सण दोन दिवस अलीकडे, १५ मार्चला साजरा केला. सण मोठा खरा, पण प्रभूचे दुःखसहन त्याहून मोठे. कशाला आधी मान द्यायचा, हे ठाऊक असणे हाही वारसाच आहे.

क्रूसाची खूण असलेला पाव

या सर्व पदार्थांत आपल्या घरी सहज होईल असा एक आहे : सोडा ब्रेड. आयर्लंडचा गहू मऊ, यीस्टच्या पावाला फारसा न मानवणारा. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा घरोघरी पोहोचला आणि गरिबांच्या घरी पाव होऊ लागला. तीन पायांच्या लोखंडी भांड्यात पाव ठेवून, झाकणावरही निखारे घालून तो भाजत.

साहित्य : ४५० ग्रॅम पीठ (मैदा, किंवा निम्मी कणीक), एक सपाट चमचा मीठ, एक सपाट चमचा खाण्याचा सोडा आणि साधारण ३५० ते ४०० मिलिलिटर आंबट, दाट ताक. आपले नेहमीचे पातळ ताक चालणार नाही. दही घुसळून अगदी थोडे पाणी घालावे. ताकातील आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की पीठ फुगते, म्हणून वेळ दवडू नये. कोरडे पदार्थ चाळून एकत्र करावेत, ताक ओतून हाताने अलगद गोळा करावा. मळू नये, मळल्यास पाव चिवट होतो. गोळा थोडा दाबून त्यावर सुरीने खोल क्रूस कापावा. ओव्हन २३० अंशांवर तापवून पाव पंधरा मिनिटे भाजावा, मग आच २०० अंशांवर आणून आणखी अर्धा तास. बुडाला टकटक केल्यावर पोकळ आवाज आला, की पाव झाला.

तो क्रूस कशासाठी? स्वयंपाकी सांगेल, मध्यभागापर्यंत उष्णता पोहोचावी म्हणून. आजी सांगेल, पावाला आशीर्वाद मिळावा म्हणून. दोघांचेही खरे आहे. आणि त्या चिरांवरून पाव चार वाटे करून सहज तुटतो.

रिकामे पान

महादुष्काळात जगाने आयर्लंडला मदत पाठवली. त्यात आपल्या देशातील कलकत्ता शहरात उभारलेला निधीही होता. १८४७ मध्ये अमेरिकेतील चॉक्टॉ या आदिवासी लोकांनी सुमारे १७० डॉलर जमवून पाठवले. त्याआधी काही वर्षांपूर्वीच त्यांना स्वतःच्या भूमीवरून हाकलण्यात आले होते, आणि त्या वाटेवर त्यांची हजारो माणसे मेली होती. ज्यांनी भूक पाहिली होती, त्यांना भूक कळली. दुसरीकडे, काही मंडळींनी धर्म बदलण्याच्या अटीवर सूप वाटले. 'त्याने सूप घेतले' हा आयर्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या टोमणा होऊन राहिला. विनाअट दिलेले अन्न माणसाला उभे करते, तर अट घालून दिलेले अन्न खाणाऱ्याला लाजवते. सेवाकार्य करणाऱ्या प्रत्येकाने, आपणही, हे ध्यानात ठेवावे.

कॉर्क परगण्यातील मिडलटन गावात चॉक्टॉ लोकांच्या स्मरणार्थ २०१७ मध्ये एका शिल्पाचे अर्पण झाले. पोलादाची नऊ उंच पिसे गोलाकार उभी आहेत आणि त्यांचा आकार एका रिकाम्या वाडग्यासारखा दिसतो. २०२० मध्ये कोविडच्या साथीने अमेरिकेतील नॅव्हाहो आणि होपी आदिवासी संकटात सापडले, तेव्हा हजारो आयरिश लोकांनी त्यांना पैसे पाठवले. कारण सांगितले ते १७३ वर्षांपूर्वीच्या त्या देणगीचे.

बंधू-भगिनींनो, पूर्वजांचा पदार्थ शिजवणे सोपे आहे. पूर्वजांची भूक आठवून दुसऱ्याचे पान वाढणे अवघड आहे. पण प्रभूने 'माझी आठवण करा' हे सांगितले ते जेवणाच्या टेबलावर, भाकर मोडून आणि वाटून. ज्या जेवणात आठवण आहे आणि वाटणी आहे, तेच सणाचे जेवण.

कुटुंबात बोलण्यासाठी

१. आपल्या घरातील सणाच्या पदार्थांपैकी कोणता पदार्थ उपवासातून किंवा टंचाईतून आला आहे? घरातील वडीलधाऱ्यांना विचारा.
२. आपल्या सणांत द्रव्य उरले आणि आकार हरवला, असे कुठे झाले आहे का?
३. या प्रायश्चित्तकाळात एका शुक्रवारी सोडा ब्रेड करा आणि त्याचे चार वाटे करा. त्यातला एक वाटा घराबाहेर कोणाकडे जाईल?

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू