क्लबची उधळपट्टी आणि छोट्या कारागिराचे बिल

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांत संपतो. क्लबचा जमाखर्च मात्र वर्षभर चालतो. खेळाडूंचे पगार, विमानप्रवास, हॉटेल हे मोठे खर्च सर्वांना दिसतात. जर्सी शिवणारा, फलक रंगवणारा, मंडप घालणारा, जेवण पुरवणारा, बस भाड्याने देणारा यांची बिले कोणाच्या नजरेत भरत नाहीत. क्लबने ऐपतीबाहेर हात सोडला की सर्वांत आधी हीच बिले अडकतात. म्हणून अशा क्लबांशी लीगने कसे वागावे, हा प्रश्न आम्ही व्यापाराच्या पानावर घेत आहोत.

पुण्याचा अनुभव

मावळातील वराळे गाव तळेगावला लागून आहे. तेथून जुन्या महामार्गाने देहूरोड आणि पुढे वाकड ओलांडले की बालेवाडी येते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या तेथील क्रीडासंकुलात गेल्या काही वर्षांत चार व्यावसायिक फुटबॉल संघ आले आणि गेले. पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये निघाला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो दुसरा आला आणि २०१५-१६ च्या हंगामाआधी लीगमधून बाहेर पडला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये थांबला. वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये सुरू झाला व २०१९ मध्ये मिटला. मुंबईत महिंद्र युनायटेड या २००५-०६ च्या राष्ट्रीय विजेत्या संघाने २०१० मध्येच गाशा गुंडाळला होता.

या संघांनी कोणाची देणी बुडवली, असे आम्ही म्हणत नाही. मुद्दा वेगळा आहे. हे संघ प्रामुख्याने मालकाच्या खिशावर उभे होते. तिकीटविक्री आणि जाहिरात यांतून एवढा खर्च निघणे शक्यच नव्हते. मालकाचा विचार बदलला किंवा त्याचा मूळ धंदा अडचणीत आला की संघ संपला. ज्या दुकानाचे भाडेही मालकाच्या दुसऱ्या दुकानातून भरावे लागते, त्या दुकानाला उधार माल देताना कोणताही शहाणा व्यापारी दहादा विचार करील. क्लबच्या बाबतीत मात्र नावाच्या झगमगाटाने आपण हे विसरतो.

कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. २०२३-२४ ची आय-लीग जिंकून तो वरच्या लीगमध्ये गेला आणि तेथील पहिल्याच हंगामात खेळाडूंचे पगार थकले. यश मिळाले म्हणजे तिजोरी भरली, असे होत नाही.

बाहेर काय घडले

इंग्लंडच्या पोर्ट्समथ क्लबने २००८ मध्ये एफए कप जिंकला आणि २०१० मध्ये त्याचे दिवाळे निघाले. लीगने नऊ गुण कापले. पण व्यापाऱ्याने लक्षात घ्यावी अशी गोष्ट पुढेच आहे. तेथील लीगच्या नियमाप्रमाणे खेळाडूंची आणि दुसऱ्या क्लबांची देणी पुरी फेडल्याशिवाय बुडालेल्या क्लबला लीगमध्ये राहता येत नाही. बाकीच्या देणेकऱ्यांसाठी जो तोडगा ठरला, तो आपल्या भाषेत रुपयाला वीस पैसे असा होता, आणि तेही हप्त्याहप्त्याने. या बाकीच्यांत गावातले छोटे पुरवठादार होते, मैदानावर प्रथमोपचार करणारी सेवाभावी संस्थाही होती. लाखोंचे पगार घेणाऱ्याला पूर्ण आणि घाम गाळणाऱ्याला पाचवा हिस्सा! तेथील करखाते या नियमाविरुद्ध न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये हरले.

१८८५ मध्ये स्थापन झालेला बरी हा क्लब देणी फेडण्याची खात्री देऊ शकला नाही म्हणून २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकण्यात आला. एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुण कापले गेले, अपिलात ते सहा झाले. पण त्यांचा दोष २०२२ च्या जूनपर्यंतच्या हिशेबातला होता. म्हणजे चूक एका हंगामाची आणि शिक्षा दुसऱ्या हंगामाला.

याउलट जर्मनीत हंगाम सुरू होण्याआधीच क्लबला पुढच्या वर्षाचा खर्च कोठून भागणार हे दाखवावे लागते. नाही तर परवाना मिळत नाही. स्पेनमध्ये २०१३ पासून लीग प्रत्येक क्लबला त्याच्या उत्पन्नानुसार खर्चाची मर्यादा आधीच आखून देते. त्यामुळेच २०२१ मध्ये बार्सिलोनाला मेस्सीसारखा खेळाडू ठेवता आला नाही. युरोपीय संघटनेने २०२२ मध्ये नवे नियम केले. त्यांनुसार संघावरील खर्चाचे उत्पन्नाशी प्रमाण टप्प्याटप्प्याने ९०, ८० आणि २०२५-२६ पासून ७० टक्क्यांवर आणले. इंग्लंडनेही २०२५ मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक नेमण्याचे ठरवले.

लीगने काय करावे

पहिली गोष्ट, तपासणी आधी व्हावी. दिवाळे निघाल्यावर गुण कापून कोणाचेही बिल फिटत नाही. हंगामाच्या पगाराची आणि पुरवठ्याची रक्कम मालकाने आगाऊ ठेव किंवा बँकहमीच्या रूपाने लीगकडे द्यावी.

दुसरी गोष्ट, मालकाचे दान आणि मालकाचे कर्ज यांत भेद करावा. लहान क्लबला वर चढायचे तर आधी पैसा लावावाच लागतो, नुसते उत्पन्नाचे बंधन घातले तर मोठे क्लब कायमचे मोठे राहतील, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय असा की मालकाने भांडवल म्हणून रोख पैसा घातला तर लीगने अडवू नये. क्लबच्या डोक्यावर कर्ज चढवून खेळाडू आणत असेल तर जरूर अडवावे.

तिसरी गोष्ट, दंडाची निवड नीट करावी. रोख दंड केला तर तो देणेकऱ्यांच्याच वाट्यातून जातो. आधी नवे खेळाडू घेण्यास बंदी, मग त्याच हंगामात गुणकपात, शेवटी खालच्या श्रेणीत रवानगी, असा क्रम असावा.

चौथी आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट, थकलेल्या देण्यांच्या यादीत शिंप्याचे आणि आचाऱ्याचे बिल खेळाडूच्या पगाराइतकेच धरावे. ते मुदतीत फिटले नाही तर नवा खेळाडू नोंदवू देऊ नये.

कारागिराने काय करावे

लीग सुधारेपर्यंत आपण थांबू शकत नाही. क्लब, स्पर्धा किंवा कोणताही मोठा आयोजक काम देईल तेव्हा लेखी ऑर्डर घ्यावी आणि ती कोणत्या कंपनीच्या नावे आहे हे पाहावे. क्लबचे नाव एक आणि बिल भरणारी कंपनी दुसरी, असे पुष्कळदा असते. कापड, रंग, शिधा यांचा खर्च निघेल एवढी उचल आधी घ्यावी. पहिले बिल थकलेले असताना दुसरी ऑर्डर उधारीवर घेऊ नये.

आपल्या देशात २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. माल बनवणारा किंवा सेवा देणारा सूक्ष्म वा लघु उद्योजक असेल तर लेखी करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठरवता येत नाही. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यानंतर राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. कायद्यात उशिराबद्दल व्याज आहे. ज्यांना व्याज नको, ते मुद्दलापुरताच दावा करू शकतात. मात्र उद्यम नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवावी. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला या तरतुदीचा लाभ नाही. त्याने उचल आणि लेखी ऑर्डर यांवरच भर द्यावा.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर रस्ता अवघड होतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत तारण घेतलेल्या बँका आणि कामगार पुढे असतात, माल पुरवणारा बराच मागे. २०२० पासून एक कोटीपेक्षा कमी थकबाकीसाठी ही कारवाई सुरूही करता येत नाही. तेव्हा ४५ दिवस उलटले की मुरवत न करता नोटीस पाठवावी. चार महिने वाट पाहून गेलेल्या माणसाच्या हाती सहसा कागदच उरतो.

संघाच्या जर्सीवर कोणाचे नाव छापले आहे, हे पाहून उधारी देऊ नये. ती शिवणाऱ्याचे मागचे बिल फिटले काय, एवढे विचारावे. क्लबची खरी पत तेथेच कळते.