पाण्यातील पाठीराखा

गोदावरी, भीमा, कृष्णा, तापी, वैनगंगा या नद्यांनी महाराष्ट्राची शेते भिजविली, गावे वसविली आणि काठावरच्या असंख्य कुटुंबांना रोजची भाकरी दिली. भोई, कोळी, ढीवर अशा समाजांनी तर पिढ्यान्‌पिढ्या नदीच्या पाण्यावरच आपला संसार उभा केला. पहाटेच्या अंधारात होडी पाण्यात लोटावयाची, रात्री लावलेली जाळी उचलावयाची, कटला, रोहू, मरळ, वाम असे जे मासे मिळतील ते घेऊन उन्हे चढण्यापूर्वी बाजार गाठावयाचा, हा अनेकांचा नित्यक्रम. कोणी होडीतून जाळे सोडतो, कोणी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून फेकजाळे टाकतो, कोणी काठच्या खडकावर गळ टाकून बसतो. रीती निरनिराळ्या असल्या, तरी एक गोष्ट सर्वांनाच लागू आहे. जे पाणी अन्न देते, तेच पाणी एका क्षणात प्राणही घेऊ शकते.

नदीचे रूप फसवे असते. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली ओढ किती आहे, हे काठावरून कळत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा दुप्पट नव्हे, तर चौपट होतो. त्यामुळे गुडघाभर पाण्यात निर्धास्त उभा असलेला धट्टाकट्टा माणूसही चार पावले पुढे जाताच आडवा होतो. काल जेथे वाळूचा सपाट तळ होता, तेथे वाळूच्या उपशाने आज पुरुषभर खोल खड्डा पडलेला असतो. वरच्या धरणातून पाणी सोडले, की आकाशात ढगाचा मागमूस नसतानाही नदी चढू लागते. मोठ्या जलाशयांवर वाऱ्याचे भय असते. भीमा नदीवरील उजनीच्या जलाशयात २१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात सापडून उलटली. होडीतील सात जणांपैकी एक जण पोहत काठाला लागला; उरलेल्या सहा जणांना जलसमाधी मिळाली. अशाच पाण्यावर, अशाच वाऱ्यात मासेमाराला आपली लहानशी होडी घेऊन रोज जावे लागते.

हे भय जुन्या लोकांना ठाऊक होते आणि त्यावर त्यांनी उपायही शोधला होता. नदी ओलांडताना वाळलेले पोकळ भोपळे एकत्र बांधून त्यांची सांगड करीत आणि तिच्या आधाराने पलीकडचा तीर गाठीत. मुलांना पोहावयास शिकविताना त्यांच्या कमरेस भोपळा किंवा पांगाऱ्याचा हलका ओंडका बांधण्याची चाल तर अनेक गावांतून होती. भोपळा पाठीशी असला, की मूल कितीही घाबरले तरी बुडत नसे. आज मासेमार ज्याला ‘लाइफ जॅकेट’ म्हणतात, ते जीवरक्षक जाकीट म्हणजे त्या जुन्या सांगडीचेच सुधारलेले रूप होय.

या जाकिटाचे कार्य समजण्यास फार मोठे शास्त्र लागत नाही. कोणतीही वस्तू पाण्यात बुडाली, की ती जेवढे पाणी बाजूस सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या बलाने पाणी तिला वर उचलते. आर्किमिडीजने सांगितलेले हे तत्त्व सर्वांच्या परिचयाचे आहे. माणसाचे शरीर पाण्याहून फारसे जड नाही. म्हणूनच त्याचे डोके पाण्याबाहेर राहण्यास फार मोठ्या आधाराची गरज नसते. साधारण प्रौढ माणसास तीन ते साडेपाच किलोग्रॅम एवढी अधिक उचल मिळाली, तरी ती पुरते. जाकिटात भरलेल्या फेसासारख्या पदार्थात हवेच्या असंख्य बंद पोकळ्या असतात. त्यामुळे ते स्वतः अतिशय हलके असून पुष्कळ पाणी बाजूस सारते आणि सुमारे सात किलोग्रॅम उचल देते. माणसाच्या जगण्यामरण्यातील अंतर कित्येकदा एवढ्या थोड्या उचलीचे असते.

जाकीट अंगावर असणे आणि नसणे यात केवढा भेद आहे, हे इंग्लंडमधील एका घटनेवरून स्पष्ट होईल. बुचाच्या झाडाची साल पाण्यावर तरंगते, हे ध्यानात घेऊन जीवरक्षक नौकांचे एक निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ मध्ये बुचाच्या तुकड्यांचे जाकीट तयार केले. ते जाडजूड होते. पिढ्यान्‌पिढ्या समुद्राशी झुंजणाऱ्या खलाशांना ते अडचणीचे वाटे. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी एस्क नदीच्या मुखाशी वसलेल्या व्हिटबी या गावी भयंकर वादळ झाले. एकामागून एक जहाजे किनाऱ्यावर आदळू लागली. गावातील तेरा धाडसी पुरुष आपली नौका घेऊन पुनःपुन्हा त्या खवळलेल्या पाण्यात शिरले आणि त्यांनी अनेकांना सुखरूप काठावर आणले. परंतु शेवटच्या खेपेस एका प्रचंड लाटेने त्यांची नौकाच उलथून टाकली. काठावर सारा गाव जमला होता. त्यांच्या डोळ्यांदेखत बारा जण बुडाले. एकटा हेन्‌री फ्रीमन वाचला. तो इतरांहून अधिक बलवान होता म्हणून नव्हे. तेरा जणांत ते नवे जाकीट केवळ त्याने नीट अंगावर चढविले होते. हा फ्रीमन पूर्वी विटा पाडीत असे आणि पुढे मासेमारीकडे वळला होता. त्यानंतर त्याने अनेक वर्षे त्याच गावी जीवरक्षक नौकेचे नेतृत्व केले आणि तीनशेहून अधिक माणसांना मृत्यूच्या मुखातून सोडविले. एका जाकिटाने एकच जीव वाचविला खरा. पण त्या एका जिवाने पुढे कितीतरी जीव वाचविले.

“आम्ही पट्टीचे पोहणारे, आम्हांस जाकीट कशाला?” असा प्रश्न अनेक मासेमार विचारतात. पोहणे प्रत्येकाने शिकावे, यात शंका नाही. परंतु मासेमार पाण्यात सूर मारीत नाही, तो अकस्मात पडतो. पडताच श्वास दचकून आत ओढला जातो आणि त्याबरोबर पाणी नाकातोंडात शिरते. अंगावरचे कपडे हातापायांना गुंडाळतात. फेकजाळ्याची दोरी मनगटात अडकविलेली असते. प्रवाहाने जाळे ओढले, की तीच दोरी माणसाला खाली खेचते. पडताना डोक्याला होडीची कड लागली, तर पोहण्याची सारी विद्या जागच्या जागी राहते. शुद्ध हरपलेल्या माणसाला पोहता येत नाही. मात्र योग्य प्रकारचे जाकीट त्यालाही तरंगत ठेवते. अमेरिकेत २०२३ साली नौकांच्या अपघातांत जे लोक बुडून मृत्यू पावले, त्यांपैकी ज्यांच्याविषयी माहिती मिळाली अशा दर शंभरांमध्ये सत्त्याऐंशी जणांच्या अंगावर जाकीट नव्हते. हा आकडा पोहणाऱ्यांनीही विसरू नये.

दुसरी तक्रार अशी, की जाकिटाने उकडते, हात मोकळे राहत नाहीत आणि जाळे फेकता येत नाही. ही तक्रार अगदीच खोटी नाही. वैशाखाच्या उन्हात जाडजूड जाकीट घालून वल्ही मारणे सोपे नव्हे. त्याची किंमतही रोजच्या कमाईवर जगणाऱ्या माणसास जाणवते. तथापि जाळ्याला, दोरीला आणि होडीच्या डागडुजीला जसा खर्च करावा लागतो, तसाच तो जिवासाठीही करावयास हवा. बाह्या नसलेली, खांद्यापाशी रुंद मोकळीक ठेवलेली जाकिटे आता मिळतात. त्यांत हात सहज फिरतो. हवेने फुगणारी जाकिटे आणखी सुटसुटीत असतात. मात्र ती लहान मुलांसाठी व पोहता न येणाऱ्यांसाठी योग्य नव्हेत. काही मासेमार जाकीट सोबत नेतात, पण होडीच्या फळीखाली ठेवून देतात. वारा सुटला म्हणजे घालू, असा त्यांचा हिशेब असतो. होडी उलटण्यास मात्र एक क्षण पुरतो. पाण्यात पडल्यावर जाकीट शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच आहे.

जाकीट घालण्याचीही एक शिस्त आहे. ते वापरणाऱ्याच्या वजनास साजेसे असावे. सर्व बंद व बकले आवळावीत. नंतर दुसऱ्या माणसाने जाकीट खांद्यांपाशी धरून वर उचलून पाहावे. ते हनुवटीपर्यंत सरकले, तर सैल आहे असे समजावे. लहान मुलांच्या जाकिटास दोन पायांमधून जाणारा पट्टा असणे आवश्यक आहे. जाकिटाचा बसण्यासाठी गादीसारखा उपयोग करू नये. दाबाने आतील पदार्थ चेपतो आणि त्याची उचल कमी होते. वापर झाल्यावर ते सावलीत वाळवावे आणि फाटलेले जाकीट वेळीच बदलावे.

पायी पाण्यात उतरणाऱ्याने तळ काठीने चाचपावा, तोंड प्रवाहाकडे ठेवावे आणि एक पाय घट्ट रोवल्यावाचून दुसरा उचलू नये. फेकजाळ्याची दोरी हिसका देताच सुटेल अशा फासाची असावी. इतके करूनही तोल गेला, तर जाकिटावर विसंबून पाठीवर पडावे, पाय प्रवाहाच्या दिशेस पुढे करावेत आणि बोटे पाण्यावर ठेवावीत. वेगाच्या पाण्यात उभे राहण्याची धडपड केल्यास पाय खडकांच्या फटीत अडकतो आणि प्रवाह माणसाला त्यावरच वाकवून दाबून टाकतो. म्हणून हातांनी पाणी कापीत तिरपे काठाकडे सरकावे व पाणी गुडघ्याखाली आल्यावरच उभे राहावे.

जाकिटाचे सामर्थ्य मोठे असले, तरी ते अमर्याद नाही. बंधाऱ्याच्या पायथ्याशी घुसळणारे पाणी जाकीट घातलेल्या माणसालाही पुनःपुन्हा आत ओढते. पुराच्या लोंढ्यात वाहून येणाऱ्या ओंडक्यांपुढे ते काय करणार? तेव्हा जाकीट अंगावर आहे म्हणून पुरात उतरणे म्हणजे ढाल हाती आहे म्हणून वणव्यात शिरणे होय. आकाशाचा रंग पाहणे, धरणातून पाणी सोडण्याची सूचना ऐकणे, होडीत माणसे बेताची घेणे आणि एकट्याने न जाणे, हे नियम जाकिटाबरोबरच पाळावे लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मृत्यू पावली. यातील प्रत्येकाची कोणीतरी घरी वाट पाहत होते. मासेमाराच्या घरी चूल पेटण्यासाठी मासळी यावी लागते हे खरे. पण मासळीच्या आधी मासेमार सुखरूप यावा लागतो. ज्याने नदीचे बळ ओळखले आहे, त्याला जाकीट घालण्यात कमीपणा वाटत नाही. होडी पाण्यात लोटण्यापूर्वी वल्ही जशी तपासली जातात, तसे जाकिटाचे बंदही तपासले जावेत. काठावरच आवळलेला तो बंद मध्यधारेत पाठीराखा होतो.

शब्दार्थ

मागमूस – खूण, चिन्ह. जलसमाधी – पाण्यात बुडून येणारा मृत्यू. सांगड – भोपळे किंवा लाकडे बांधून केलेले तरंगण्याचे साधन. डागडुजी – किरकोळ दुरुस्ती. लोंढा – पाण्याचा मोठा जोरदार प्रवाह. मध्यधार – नदीच्या मधला प्रवाह. पाठीराखा – पाठीशी राहून रक्षण करणारा.

अभ्यास

१. नदीचे रूप फसवे असते, असे पाठात का म्हटले आहे?

२. सांगड आणि जीवरक्षक जाकीट यांमध्ये कोणते साम्य आहे?

३. हेन्‌री फ्रीमन एकटाच कसा वाचला? त्याच्या वाचण्याचा पुढे कोणता लाभ झाला?

४. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जाकिटाची गरज का असते, ते चारपाच वाक्यांत लिहा.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : तहान लागल्यावर विहीर खणणे, मृत्यूच्या मुखातून सोडविणे, डोळ्यांदेखत घडणे.

६. आपल्या गावाजवळच्या नदीवर किंवा तलावावर मासे कसे पकडतात व तेथे कोणती काळजी घेतात, याची वडील माणसांकडून माहिती मिळवून दहा ओळी लिहा.