उमेदवार



'मुलाखत' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूत तुम्ही 'मुलाक़ात' म्हणता, म्हणजे भेट. हाच शब्द मराठीत आला आणि 'मुलाखत' झाला. मराठीत त्याला एक खास अर्थही मिळाला. नोकरी देणारा माणूस नोकरी मागणाऱ्याला समोर बसवून प्रश्न विचारतो, त्यालाही मुलाखत म्हणतात. 'उमेदवार' हा शब्दही तुमच्या ओळखीचा आहे. उमेद म्हणजे आशा. आशा घेऊन आलेला तो उमेदवार. अर्ज, शिफारस, हुद्दा, तारीख, हजर हे शब्दही तुम्ही घरी ऐकता. मग मराठीतून मुलाखत द्यायची म्हटले की भीती का वाटावी?

आज तुम्ही शाळेत आहात. काही वर्षांनी तुमच्यापैकी कोणी कारखान्यात, कोणी दुकानात, कोणी रुग्णालयात, तर कोणी सरकारी कचेरीत काम मागायला जाईल. सगळीकडे मुलाखत असतेच असे नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' च्या आणि गट 'ब' मधील अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. पण मोठ्या पदांसाठी मुलाखत आहे, आणि खाजगी नोकरीत तर ती बहुतेक ठिकाणी असतेच. तिची तयारी आतापासून करता येते.

तयारीची सुरुवात कागदपत्रांपासून करा. तुमची गुणपत्रिका, शाळेचा दाखला आणि आधार कार्ड एकत्र ठेवून पाहा. तिन्हींवर तुमचे नाव सारखेच लिहिले आहे का? पुष्कळांच्या बाबतीत एका कागदावर 'शेख' नावाच्या आधी असते आणि दुसऱ्यावर शेवटी असते. कुठे वडिलांचे नाव वेगळ्या तऱ्हेने लिहिलेले असते. जन्मतारखेतही फरक असतो. नोकरीच्या वेळी असा फरक सापडला तर धावपळ होते. तुम्ही शाळेत आहात तोवर शाळेच्या नोंदीतली दुरुस्ती करून घेणे सोपे असते. म्हणून आजच घरी जाऊन कागद तपासा आणि फरक दिसला तर मुख्याध्यापकांना सांगा.

मुलाखतीचे बोलावणे आले की नोकरीची जाहिरात पुन्हा वाचा. काम कोणते आहे, शिक्षण किती हवे, वेळ कोणती, हे नीट समजून घ्या. जागा माहीत नसेल तर आदल्या दिवशी जाऊन पाहून या. कपडे नवे नसले तरी चालतील, पण ते स्वच्छ आणि इस्त्री केलेले असावेत. अर्धा तास आधी पोहोचा. आत जाण्यापूर्वी मोबाइल बंद करा. "आत येऊ का?" असे विचारून आत जा, नमस्कार करा आणि बसायला सांगितल्यावर बसा.

आता एक उदाहरण पाहू. भिवंडीत मालाची गोदामे पुष्कळ आहेत. समजा, अशाच एका गोदामात मालाची नोंद ठेवण्यासाठी कारकून हवा आहे. दोन उमेदवार आले आहेत. दोघेही बारावी पास आहेत.

साहेब : स्वतःविषयी काही सांगा.

पहिला उमेदवार : सगळे अर्जात लिहिले आहे, साहेब. मी खूप मेहनती आहे. कोणतेही काम करू शकतो.

साहेबांनी दुसऱ्या उमेदवाराला, एका मुलीला, तोच प्रश्न विचारला.

दुसरी उमेदवार : मी वाणिज्य शाखेतून बारावी पास झाले. माझे वडील यंत्रमागावर काम करतात. त्यांना मीटरप्रमाणे मजुरी मिळते. दर आठवड्याचा हिशेब मी घरी वहीत मांडते आणि मिळालेल्या पैशांशी ताडून पाहते.

साहेब : हिशेबात फरक सापडला तर काय करता?

दुसरी उमेदवार : आधी माझीच बेरीज पुन्हा तपासते. तरी फरक राहिला तर त्याच दिवशी सांगते. आकडा खोडून दुसरा लिहीत नाही.

साहेब : संगणकावर टॅली येते का?

दुसरी उमेदवार : नाही, साहेब. मला एक्सेलमध्ये तक्ते करता येतात. टॅली अजून शिकलेले नाही, पण शिकायची तयारी आहे.

साहेबांना कोणाचे बोलणे पटले असेल? पहिला उमेदवार खोटे बोलला नाही. तो खरोखर मेहनती असेल. पण 'मी मेहनती आहे' असे कोणीही म्हणू शकतो. मुलीने आपण काय काम करतो ते सांगितले. ते काम घरचे होते, त्याचा पगार मिळत नव्हता, तरी ते नोकरीच्या कामाशी जुळणारे होते. वडिलांचा व्यवसाय सांगताना ती लाजली नाही. जे येत नव्हते, तेही तिने सरळ सांगितले. टॅली येते असे ती म्हणाली असती आणि साहेबांनी तिला लगेच संगणकासमोर बसवले असते, तर काय झाले असते याचा विचार करा.

तुम्हीही अशी कामे करत असाल. कोणी वडिलांच्या दुकानात बसतो, कोणी आईला शिवणकामात मदत करते, कोणी लहान भावंडांना शिकवते. त्यांतून तुम्ही काय शिकलात ते चार वाक्यांत सांगता आले पाहिजे.

आता भाषेविषयी थोडे बोलू. उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. उर्दूत 'मेरा नाम' म्हणतात म्हणून आपण चटकन 'माझा नाव' म्हणून जातो. मराठीत 'नाव' नपुंसकलिंगी आहे, म्हणून 'माझे नाव' म्हणा. मुलगा 'मी पास झालो' म्हणतो आणि मुलगी 'मी पास झाले' म्हणते. 'शिक्षा' हा शब्द जपून वापरा. हिंदीत त्याचा अर्थ तालीम, पण मराठीत त्याचा अर्थ सजा असा होतो. 'माझी शिक्षा दहावीपर्यंत झाली' असे म्हटले तर ऐकणारा दचकेल! 'माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले' असे म्हणा. समोरच्या व्यक्तीला 'तुम्ही' किंवा 'आपण' म्हणा. एखादा शब्द आठवला नाही तर थांबा आणि सोप्या शब्दांत सांगा. प्रश्न समजला नाही तर "कृपया पुन्हा सांगता का?" असे विचारा. असे विचारण्यात कमीपणा नाही.

तुमची उर्दूही वाया जाणार नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत उमेदवार राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत उत्तरे लिहू शकतो. त्या २२ भाषांमध्ये मराठी आहे आणि उर्दूही आहे. या परीक्षेत एकूण २०२५ गुण असतात. त्यांपैकी १७५० लेखी परीक्षेचे आणि २७५ मुलाखतीचे. म्हणजे मुलाखतीला सातव्या हिश्श्यापेक्षाही कमी गुण आहेत. यावरून अभ्यासाची जागा गोड बोलणे घेऊ शकत नाही हे लक्षात येईल.

काही जणांच्या मनात वेगळीच शंका असते. 'माझे नाव, माझा धर्म पाहून मला नाकारतील का?' राज्यघटनेच्या कलम १६ प्रमाणे सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाशीही भेदभाव करता येत नाही. हा तुमचा हक्क आहे. तो माहीत असू द्या आणि मान ताठ ठेवून मुलाखतीला जा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. मूळ प्रमाणपत्रे दाखवा, पण कोणाच्या हाती सोपवून येऊ नका. ठेवायला झेरॉक्स प्रती द्या. तरुणांच्या गरजेचा फायदा घेणारे लोक असतात. कित्येक घरांनी दागिने मोडून असे पैसे भरले आहेत आणि नोकरी मिळालेली नाही. शंका आली तर आधी आईवडिलांना आणि शिक्षकांना विचारा.

मुलाखत संपताना कामाची वेळ आणि पगार यांविषयी नम्रपणे विचारायला हरकत नाही. मग आभार मानून बाहेर या. घरी आल्यावर विचारलेले प्रश्न वहीत लिहून ठेवा. जागा एक आणि उमेदवार वीस असतील, तर एकोणीस जणांना परत यावेच लागते. त्यांत तुम्ही असलात तर तुम्ही नालायक ठरला असे नाही. वहीतले प्रश्न पुढच्या वेळी उपयोगी पडतील. उमेद सोडू नका. उमेदवार या शब्दाचा अर्थच तो आहे.

स्वाध्याय

१. मुलाखतीच्या आधी कोणती कागदपत्रे तपासावीत? का?
२. दुसऱ्या उमेदवाराच्या उत्तरांतील तुम्हांला आवडलेल्या दोन गोष्टी लिहा.
३. वाक्ये शुद्ध करून लिहा : (अ) माझा नाव अर्जात आहे. (आ) माझी शिक्षा उर्दू शाळेत झाली.
४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधून लिहा.
५. वर्गात दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने साहेब व्हावे, दुसऱ्याने उमेदवार. 'स्वतःविषयी काही सांगा' या प्रश्नाचे उत्तर मराठीतून द्या. नंतर भूमिका बदला.