‘भावा, फक्त अकाउंट पाहिजे’

घरोघरी भांडणं होतात ती मुलं मोबाईलवर किती तास घालवतात यावरून. रील बघत बसतो, रात्री दोनपर्यंत ऑनलाइन असतो, जेवताना मान वर करत नाही. प्रस्तुत लेखिकेच्या माहेरीही हाच वाद रंगायचा. भाचा पुण्यात इंजिनीअरिंगला, वसतिगृहात राहणारा. आणि सांगलीजवळच्या गावातून त्याची आई रोज त्याचं ‘लास्ट सीन’ तपासणारी. त्याच फोनमध्ये मुलाचं बँक खातंही आहे, ते नक्की कोण वापरतंय, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं तेव्हा खात्यावर होल्ड लागला होता.

सुरुवात वसतिगृहातल्या एका सीनियरपासून झाली. “भावा, फक्त अकाउंट पाहिजे. गेमिंगचे पैसे येतात, आमची लिमिट संपलीय. टक्का तुझा.” भाच्याने खोलीत बसून व्हिडिओ केवायसी करून झिरो बॅलन्सचं नवं खातं उघडलं. एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम सीनियरच्या हवाली केलं. जुन्या खात्याला धक्का लागत नाही, मग बिघडतं काय, असा त्याचा हिशेब. पण टक्क्याचे पैसे त्याने नव्या खात्यातून यूपीआयने जुन्याच खात्यात घेतले. शिष्यवृत्तीचे महाडीबीटीचे पैसे येतात, मेसचे जातात, ते खातं.

परराज्यातल्या एका निवृत्त गृहस्थाने फसवणुकीची तक्रार केली आणि पोलिसांनी पैशांचा माग काढला. पहिलं खातं भाच्याचं नवं, दुसरं भाच्याचंच जुनं. दोन्ही गोठली. बँकेच्या काउंटरवर “होल्ड पोलिसांचा आहे, आमच्या हातात काही नाही” एवढंच उत्तर मिळालं. मेसवाल्याला मात्र पैसे महिन्याच्या महिन्याला लागतात. पुढे पोलिसांची नोटीस आली तेव्हा आत्याला, म्हणजे लेखिकेला, फोन झाला; वडिलांना सांगायची हिंमत नव्हती.

हे एकट्या भाच्याच्या बाबतीत घडलेलं नाही, आणि अशा खात्यांत येणारे पैसे बहुधा ऑनलाइन फसवणुकीचे असतात. डिसेंबर २०२३मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने कमाईच्या आमिषाने फसवणाऱ्या शंभराहून अधिक वेबसाइट बंद केल्या आणि त्यांची पद्धतही जाहीर केली. ‘घरबसल्या कमाई’च्या जाहिराती, मग व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर एजंट, मग व्हिडिओ लाइक करणं, नकाशावर रेटिंग देणं अशी सोपी कामं. सुरुवातीला थोडं कमिशन खरोखर मिळतं. नंतर ‘मोठ्या टास्क’साठी पैसे भरायला लावतात आणि भरलेले पैसे अडकवून ठेवतात. २०२४ या एका वर्षात देशातल्या लोकांनी सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावल्याचं सरकारने संसदेत सांगितलं.

आता या पैशांना बाहेर पडायला वाट हवी असते. चोर स्वतःच्या नावाच्या खात्यात चोरी जमा करत नाही. त्याला खरी केवायसी असलेलं, पोलिसांच्या कुठल्याही यादीत नसलेलं खातं हवं असतं, आणि कॉलेजातल्या मुलापेक्षा स्वच्छ खातं कुणाचं असणार? पहिल्या खात्यात आलेली रक्कम काही मिनिटांत पाच-सहा खात्यांत फुटते, तिथून आणखी पुढे, आणि शेवटी एटीएममधून रोख निघते किंवा तिची क्रिप्टो होते. बँका अशा वापरायला दिलेल्या खात्यांना ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. ती ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ नावाची यंत्रणा तयार केली आहे. म्हणजे आज सुटलेलं खातं उद्या सापडू शकतं. टोळी मात्र दूरच राहते. कागदावर नाव, फोटो आणि आधार मुलाचं असतं. फसवणुकीत सामील धरलं गेलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘मला माहीत नव्हतं’ हे सांगावं लागतं तपास अधिकाऱ्यासमोर, तेही पुराव्यासकट.

पुराव्यावरूनच भाच्याचं प्रकरण अधिक अडलं. घाबरून त्याने सीनियरशी झालेलं टेलिग्रामचं सगळं चॅट उडवलं होतं. त्याला कोणी आणि काय सांगून गळाला लावलं, हे दाखवणारी तेवढीच गोष्ट होती. असं काही घडलं तर चॅट, नंबर, व्यवहाराचे स्क्रीनशॉट, काहीही पुसू नये. इन्स्टाग्रामवर ‘खातं अनफ्रीझ करून देतो’ म्हणणारे भेटतात, त्यांना एक रुपयाही देऊ नये, तीही फसवणूकच. बँकेतून तक्रारीचा क्रमांक आणि संबंधित पोलीस ठाण्याचं नाव लेखी मागून घ्यावं. नोटिशीला वेळेत, शक्यतो वकिलाच्या सल्ल्याने, उत्तर द्यावं. अनोळखी रक्कम खात्यात आली आणि ‘चुकून आली, परत टाका’ असा फोन आला, तर आपण होऊन पैसे पाठवू नयेत. बँकेला कळवावं आणि व्यवहार तिच्याच हातून उलटवून घ्यावा.

आपलेच पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. यूपीआय किंवा यूटीआर क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवावी. पैसे पुढच्या खात्यांत फुटायच्या आत पकडता आले तरच वाचतात, म्हणून घरात आधी कुणाला सांगायचं, यावर खल करू नये. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हे ‘संचार साथी’ पोर्टलवर फुकट पाहता येतं. अनोळखी सिम दिसलं तर तिथेच कळवता येतं.

लेखिकेचं मत कदाचित कडक वाटेल, पण स्क्रीनटाइमची मोजणी थोडी सैल सोडली तरी चालेल. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा घरी आला की त्याची खाती किती, प्रत्येकाचं एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आणि सिम कुणाच्या फोनमध्ये, एवढं शांतपणे विचारा. आरडाओरडा केलात तर तो खरं सांगणार नाही. आणि ज्यांनी खातं आधीच कुणाला वापरायला दिलंय, त्या मुलामुलींनी नोटिशीची वाट पाहू नये. आजच बँकेला लेखी कळवून कार्ड, नेटबँकिंग आणि खातं बंद करायला सांगा, आणि घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला सोबत घेऊन सायबर पोलीस ठाण्यात जा.