वारंवार येणारा ‘पी०४८०’: रेडिएटर फॅन बदलण्याआधी काय तपासाल, किती खर्च येईल

चेक इंजिनची लाइट लागते, गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की ‘पी०४८०’ दिसतो, मेकॅनिक कोड उडवतो आणि आठवडाभरात तो परत येतो. मग ‘फॅन असेंब्लीच बदलून टाका’ असा सल्ला मिळतो आणि लहान हॅचबॅकलाही पाच-सात हजारांचं बिल होतं. ते भरण्याआधी या कोडचा अर्थ समजून घ्या. पी०४८० म्हणजे पहिल्या कूलिंग फॅनच्या कंट्रोल सर्किटमधला दोष. दुसऱ्या फॅनचा कोड पी०४८१. फॅन सुरू करण्याचा हुकूम ईसीयूकडून (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाकडून) ज्या वाटेने जातो, त्या वाटेत कुठेतरी गडबड आहे, एवढंच हा कोड सांगतो. फॅनची मोटर उत्तम असतानाही तो येऊ शकतो. त्या वाटेवर फ्यूज, रिले, कपलर (वायर जोडणारा प्लग), वायर येतात आणि यातल्या बहुतेक वस्तू पाचशे रुपयांच्या आत मिळतात.

घरी तपासायला दोन साधनं लागतात. ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर साधारण ५०० ते १,५०० रुपयांत आणि मल्टिमीटर ३०० ते ८०० रुपयांत मिळतो. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मीटर हाताळून घेता येतो. दोन्ही मिळून होणारा खर्च चुकीच्या फॅन असेंब्लीपेक्षा कितीतरी कमी आहे आणि साधनं पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडतात.

कोड उडवण्याआधी स्कॅनरमधला फ्रीझ फ्रेम पाहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. कोड आला तेव्हा इंजिनचं तापमान, वेग आणि बॅटरीचा व्होल्टेज किती होता हे त्यात असतं. कोड उडवला की हा पुरावाही जातो. नंतर कोड केव्हा परततो यावर लक्ष ठेवा. किल्ली फिरवताच परतला तर सर्किट कायमचं तुटलेलं किंवा शॉर्ट आहे: रिलेची कॉइल गेलेली, वायर कुरतडलेली, फ्यूज उडालेला. खड्ड्यांच्या रस्त्यावर किंवा पाऊस पडल्यावरच परतत असेल तर कपलर सैल आहे किंवा त्यात ओल गेली आहे. एसी लावून ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावर परतत असेल तर उष्णता आणि जादा करंट हे कारण धरून पुढे जा. ‘कधी येतो’ याचं नीट उत्तर मिळालं, तर ऑटो इलेक्ट्रिशियनचाही तास-दोन तासांचा शोध वाचतो.

हात घालण्याआधी सुरक्षितता. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही फॅन अचानक सुरू होतो, त्यामुळे पात्यांजवळ हात नेण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं कुलंट दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं.

पहिली तपासणी फुकट आहे. थंड इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात फॅन फिरायला हवा. फिरला, तर मोटर, तिचा फ्यूज आणि रिले त्या क्षणी तरी काम करत आहेत. नाही फिरला, तर बोनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा पाहून फॅनचा फ्यूज (बहुधा ३० ते ४० अँपिअरचा) आणि रिले शोधा. हॉर्नचा किंवा दुसरा एखादा रिले हुबेहूब त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा. मीटरने रिलेच्या ८५ आणि ८६ या पिनांमधला रोध मोजा: साधारण ५० ते १२० ओहम आला तर कॉइल शाबूत, मीटरने ‘ओएल’ (जोडणीच नाही) दाखवलं तर तुटलेली. नवा रिले १५० ते ५०० रुपये. पुण्यात नाना पेठेत जुना रिले दाखवून त्याच नंबरचा मागा. नुसतं ‘या मॉडेलचा द्या’ म्हटलं की भलताच हातात पडतो.

रिले ठीक असूनही कोड येत राहिला तर कपलर आणि वायरिंग. माझ्या मते वारंवार येणाऱ्या कोडचा खरा गुन्हेगार बहुधा इथेच असतो आणि इथेच सर्वांत कमी पाहिलं जातं. फॅनचा कपलर काढून पिनांवर हिरवट थर, काळेपणा किंवा वितळलेलं प्लास्टिक आहे का ते बघा. कोकणच्या खाऱ्या हवेत हिरवट थर लवकर चढतो आणि पावसाळ्यात बोनेटखाली आसरा घेणारे उंदीर वायरी सोडत नाहीत. कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा २०० ते ४०० रुपये, वायरसह नवा कपलर तेवढ्यालाच, तो जोडायची मजुरी ३०० ते ६००.

आता एक मोजमाप जरूर करा. फॅन चालू असताना बॅटरीवरचा व्होल्टेज मोजा, मग फॅनच्या कपलरच्या मागच्या बाजूने प्रोब लावून तिथला मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक असेल तर वाटेत किंवा अर्थिंगमध्ये रोध आहे. मीटर अँपिअरवर लावून फॅनचा करंट मात्र मोजू नका. साध्या मीटरची मर्यादा दहा अँपिअर असते आणि फॅन ती सहज ओलांडतो.

नवा रिलेही काही महिन्यांत जळाला, तर तिसरा विकत घेऊ नका. मोटरचं बेअरिंग जड झालं की ती जास्त करंट ओढते, रिलेचं सॉकेट तापतं, पिना सैल होतात आणि कोड परत येतो. बॅटरी काढून पातं हाताने फिरवा. अडखळलं, खरखरलं तर आता मात्र मोटर बदलायची वेळ आहे. नुसती मोटर १,५०० ते ४,०००, पूर्ण असेंब्ली ३,००० ते ८,००० आणि मजुरी ५०० ते १,५०० रुपये, असा लहान पेट्रोल गाडीचा अंदाज धरा. फॅन जोरात फिरतो पण मंद वेग गेला आहे, असं असेल तर काही गाड्यांत फक्त रेझिस्टर बदलावा लागतो. बऱ्याच नव्या गाड्यांत स्वतंत्र कंट्रोल मॉड्यूल असतं. तिथे रिलेच्या या चाचण्या लागू होत नाहीत, ते काम वर्कशॉपकडे द्या. वॉरंटीतल्या गाडीची एकही वायर कापू नका. आणि कोणी थेट ‘ईसीयू गेला’ म्हणालं, तर वरचं सगळं तपासून झालं का हे आधी विचारा.

‘फॅन डायरेक्ट करून देतो, बटण लावून घ्या’ हा उपाय आपल्याकडे सर्रास सुचवला जातो. खंबाटकी घाट चढताना गाडी तापली आणि घरी पोचायचं आहे, तर ठीक. कायमचा म्हणून तो घेऊ नका: बटण लावायचं राहिलं की इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं आणि ते काम लहान गाडीतही दहा हजारांच्या पुढे सहज जातं.

गॅरेजमध्ये गेलात तर अंदाजपत्रक लेखी घ्या, काढलेला जुना भाग परत मागा आणि पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. २८ टक्के लावलेला दिसला तर तिथेच दुरुस्त करून घ्या. भाग बदलूनही तोच कोड परतला आणि गॅरेज दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. फ्रीझ फ्रेमचा फोटो आणि बिल त्या वेळी हाताशी असू द्या.